स्वबळाची श्रद्धा : आइसलँडी सागांतील ‘देवहीन’ माणसे

आइसलँडमध्ये वस्ती कशी झाली याचा वृत्तान्त देणाऱ्या ‘लान्दनामाबोक’ या ग्रंथात हाल् नावाच्या एका वसाहतकाराची नोंद आहे. त्याला ‘देवहीन’ असे उपनाम होते. त्याच्या बापाचे, हेल्गीचे, उपनामही तेच. नोंद त्रोटक आहे. हे बापलेक देवांना बळी देत नसत, त्यांची श्रद्धा आपल्या बळावर होती, एवढेच ती सांगते आणि पुढच्या माणसाच्या जमिनीच्या सीमांकडे वळते. निंदा नाही, स्तुती नाही, स्पष्टीकरणही नाही. गावात एखादा माणूस डावखुरा असावा तशी ही देवहीनता नोंदवली गेली आहे.

या नोंदीचे मराठी करू पाहणाऱ्याला पहिल्याच क्रियापदाशी थांबावे लागते. मूळ नॉर्सभाषेतील ‘त्रूआ’ हे क्रियापद देवाविषयी वापरतात आणि बळाविषयीही तेच. इंग्रजीतील ‘ट्रू’ आणि ‘ट्रस्ट’ हे त्याचेच भाऊबंद. ‘पक्के असणे, ज्यावर भार टाकता येईल असे असणे’ हा त्याचा गाभा. मराठीत मात्र देवाविषयी ‘श्रद्धा’ आणि बळाविषयी ‘विश्वास’ वा ‘भरवसा’ अशी वाटणी झालेली आहे. ‘त्यांची श्रद्धा आपल्या बळावर होती’ असे लिहिले तर वाक्याला एक आलंकारिक झाक येते. ‘भरवसा’ म्हटले तर धार्मिक संदर्भ गळून पडतो. वस्तुतः ‘श्रद्धा’ या शब्दातही मुळात ही वाटणी नव्हती. व्युत्पत्तिशास्त्र तिचे नाते लॅटिन ‘क्रेदो’शी जोडते आणि ‘हृदय ठेवणे’ असा दोहोंचा मूलार्थ लावते. हृदय कोठेही ठेवता येते. सावकारी व्यवहारातील ‘क्रेडिट’ हा शब्द त्याच मुळातून आला आहे, हे विसरण्याजोगे नाही.

अडचण केवळ भाषांतराची नाही. स्वावलंबन आणि ईश्वरनिष्ठा ही दोन परस्परविरोधी मूल्ये आहेत, माणसाला त्यांतून एक निवडावे लागते, अशी आधुनिक वाचकाची समजूत असते. देवाला शरण जाणारा दुबळा आणि स्वतःवर विसंबणारा सबळ. किंवा उलट बाजूने, देवाला मानणारा विनम्र आणि न मानणारा उद्धट. दोन्ही सूत्रांत विरोध गृहीतच धरलेला आहे. ख्रिस्तपूर्व उत्तर युरोपच्या, म्हणजे ज्याला ‘पेगन’ म्हणतात त्या जीवनदृष्टीत हा विरोध होता काय, हा येथील प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘होता’ असेल तर हाल् हा आपल्या काळातील नास्तिकाचा पूर्वज ठरतो. ‘नव्हता’ असेल तर तो कोण ठरतो, याचा शोध घ्यावा लागतो.

‘पेगन’ या शब्दाबाबत एक सावधगिरी आधीच बाळगायला हवी. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ खेडवळ, गावंढा. नॉर्समधील ‘हेइदिन’ हा शब्दही माळरानाशी जोडला जातो. ज्यांना हे शब्द लावले गेले त्यांनी स्वतःला तसे कधी म्हटले नव्हते. त्यांच्याकडे ‘धर्म’ या अर्थाचा स्वतंत्र शब्दच नव्हता, ‘सिद्र’ म्हणजे रीत एवढाच होता. मिशनऱ्यांच्या मराठीत ‘मूर्तिपूजक’ या शब्दाने जे केले तेच तेथे या शब्दांनी केले: अनेक रीतींना एक नाव देऊन त्यांचा एक धर्म बनवला आणि मग त्या धर्माचा पराभव केला.

याहून मोठी अडचण संहितांची आहे. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो १००० या वर्षाच्या आसपास. सागा लिहिल्या गेल्या त्या मुख्यतः तेराव्या शतकात. स्नोरी स्टुर्लुसोनचे ‘हाइम्सक्रिंग्ला’ १२३० च्या सुमाराचे. म्हणजे पेगन माणसांविषयी जे काही वाचायला मिळते ते दोन-अडीच शतकांनंतरच्या ख्रिस्ती लेखकांच्या हातचे आहे. स्वीडिश संशोधक फोल्के स्ट्रॉम याने १९४८ मध्ये या ‘स्वबळाच्या माणसां’वर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लार्स लन्रोत याने १९६९ मध्ये वेगळाच मुद्दा मांडला: सागांतील ‘थोर पेगन’ हा ख्रिस्ती लेखकांनी घडवलेला साचा आहे. आपले पूर्वज नरकात गेले असे मानणे ज्यांना जड जात होते, त्यांनी पूर्वजांना खोट्या देवांपासून तरी सोडवून घेतले. जो थोर किंवा ओदिन यांना भजत नाही, केवळ स्वतःच्या बळावर विसंबतो, तो ख्रिस्ताच्या उंबरठ्याशी आलेलाच असतो. आत येणे तेवढे उरलेले असते.

हा युक्तिवाद किती जोरकस आहे हे स्नोरीच्या एका प्रसंगावरून कळते. १०३० मध्ये स्टिकलस्टाडच्या लढाईपूर्वी आर्नल्योत गेल्लीनी नावाचा धिप्पाड वाटमाऱ्या ओलाफ राजाकडे येतो. तू ख्रिस्ती आहेस काय, असे राजा विचारतो. आपली श्रद्धा आजवर आपल्या बळावर होती आणि ती पुरेशी ठरली, असे तो सांगतो. आता मात्र ती राजावर ठेवावी असे वाटते. राजा ती ख्रिस्ताकडे वळवतो, बाप्तिस्मा देतो आणि त्याला सैन्याच्या आघाडीला उभे करतो. आर्नल्योत लढाईच्या सुरुवातीसच पडतो. बळ, राजा, ख्रिस्त अशी ही तीन पायऱ्यांची चढण इतकी घोटीव आहे, की तिच्यामागचा धर्मोपदेशक लपत नाही. ‘लाक्सदाएला’ सागेतील क्यार्तानची कथाही याच वळणाची: थोर आणि ओदिन यांच्यापेक्षा हा माणूस आपल्या शस्त्रांवर अधिक विसंबतो, असे राजा ओलाफ ट्रिग्वासोन त्याच्याविषयी म्हणतो, आणि नाताळची उपासना ऐकल्यानंतर क्यार्तान बाप्तिस्मा घेतो.

तरीही लन्रोतचा साचा सर्वत्र बसत नाही. त्याच ‘लान्दनामाबोक’मध्ये पहिल्या वसाहतकाराची, इंगोल्फची, कथा आहे. त्याचा मानलेला भाऊ ह्योर्लेइफ देवांना कधीही बळी देत नसे. इंगोल्फने बळी दिले, कौल घेतला आणि किनारा दिसताच आपल्या उच्चासनाचे खांब समुद्रात टाकले, ते जेथे लागतील तेथे राहण्यासाठी. ह्योर्लेइफ मात्र थेट उतरला आणि शेताला लागला. बैल एकच असल्याने त्याने आयर्लंडहून आणलेल्या गुलामांना नांगराला जुंपले. गुलामांनी बैल मारला, अस्वलाने मारला असे सांगितले, शोधायला पांगलेल्या माणसांना एकेकटे गाठून ठार केले. ह्योर्लेइफही त्यांत मेला. प्रेत पाहून इंगोल्फ म्हणतो, की बळी न देणाऱ्याचे असेच होते. ख्रिस्ती लेखकाच्या लेखणीतून एका पेगन माणसाचा हा निर्वाळा जसाच्या तसा उतरला आहे. येथे बळी न देणारा ख्रिस्ताच्या उंबरठ्याशी आलेला नाही. तो आपल्याच शेतात गुलामांकडून मारला गेलेला एक हट्टी माणूस आहे. (त्याला देवांच्या कोपापेक्षा माणसांना नांगराला जुंपणे भोवले, हे वाचकाला दिसते. इंगोल्फला दिसत नाही. लेखकाला दिसले असावे.)

अर्थात देवहीन माणसांचे चित्र साचेबंद असले तरी त्याला वापरता येईल असे काहीतरी परंपरेत होते. ते काय होते, हे देव मानणाऱ्यांच्या मानण्याची रीत पाहिल्याशिवाय कळणार नाही.

ही रीत देण्याघेण्याची आहे. नॉर्स काव्यपरंपरेतील ‘हावामाल’ या बोधपर काव्यात भेट आणि परतभेट यांचा विचार मैत्रीच्या संदर्भात येतो, आणि त्याच काव्यात पुढे बळींविषयीही तोच न्याय लावलेला आहे: अति देण्यापेक्षा न मागणे बरे. देवाला ‘फुल्त्रूई’, म्हणजे ज्याच्यावर पूर्ण भार टाकावा असा भरवशाचा जोडीदार, म्हणत. ओदिनला एगिल मित्र म्हणतो. मराठी वाचकाला हे समजायला अवघड नाही. आपल्याकडे नवस ‘बोलतात’ आणि ‘फेडतात’. दुसरे क्रियापद कर्जाचे आहे. पाऊस लांबला की देव पाण्यात घालण्याची रीतही एका पक्षाने करार न पाळल्यास दुसऱ्याने काय करावे, याचेच उत्तर आहे. मात्र साम्य येथेच थांबते. आपल्याकडे या व्यवहाराच्या शेजारी भक्तीची एक सबंध परंपरा उभी आहे, जिच्यात देणेघेणे हे हिणकस मानले गेले. नॉर्स जगात त्याच्याहून उंच असे काही नव्हते. देणेघेणे हीच तेथील नीती होती. राजाशी, सोयऱ्याशी, शत्रूशी आणि देवाशीही.

यातून एक गोष्ट निष्पन्न होते. जेथे श्रद्धा म्हणजे जोडीदारावरचा भरवसा असतो, तेथे ती काढून घेणे हे पाप ठरत नाही. तो भागीदारी मोडण्याचा प्रकार असतो. ‘दुबळा’ हेल्गी समुद्रप्रवासाला आणि कठीण प्रसंगी थोरला हाक मारी, एरवी ख्रिस्ताला मानी आणि आपल्या वस्तीला त्याने ख्रिस्ताचेच नाव दिले. त्याला यात विसंगती दिसली नाही. दोन देवांशी व्यवहार ठेवता येतो, एकाशी ठेवता येतो, एकाशीही न ठेवता स्वतःच्या हिंमतीवर राहता येते. हे एकाच रेषेवरचे तीन बिंदू आहेत. हाल् त्या रेषेच्या टोकाला आहे, तिच्याबाहेर नाही. देव नाहीत असे तो म्हणत नाही. त्यांच्याशी आपले काही देणेघेणे नाही, एवढेच त्याचे म्हणणे आहे.

या दृष्टीने ‘ह्राफ्नकेल सागा’ ही लहानशी संहिता विशेष बारकाईने वाचायला हवी, कारण तिच्यात भागीदारी जोडली जाते, पाळली जाते आणि मोडलीही जाते, आणि प्रत्येक पायरीवर कोणाचा तरी जीव जातो.

पूर्व आइसलँडमधील आदालबोलचा सरदार ह्राफ्नकेल फ्रेय देवावर इतर सर्व देवांहून अधिक प्रेम करी आणि आपल्या उत्तमोत्तम वस्तूंत त्याला निम्मा वाटा देई. फ्रेयफाक्सी हा त्याचा घोडाही असाच निम्मा देवाचा. परवानगीवाचून त्यावर जो बसेल त्याला ठार करीन, अशी शपथ त्याने घेतली होती. आइनार नावाच्या गरीब घरच्या पोराला मेंढरे राखायला ठेवताना त्याने ही शपथ त्याला स्पष्ट सांगितली. बसायला दुसऱ्या घोड्या होत्या. एक दिवस मेंढरे हरवली. आइनार घोड्या धरायला गेला तर त्या पळून गेल्या, फ्रेयफाक्सी मात्र खांब रोवल्यासारखा उभा राहिला. आइनारने दिवसभर त्यावरून माळ पालथा घातला. संध्याकाळी घामाचिखलाने माखलेला घोडा धावत मालकाच्या दाराशी आला. दुसऱ्या दिवशी ह्राफ्नकेलने आइनारला विचारले, त्याने कबूल केले, आणि ह्राफ्नकेलने त्याला मारले. एवढी मोठी शपथ घेतली नसती तर ही चूक आपण माफ केली असती, असे तो आधी सांगतो. शपथेचा शाप ज्याच्यावर येतो त्याचे भले होत नाही, ही त्याची श्रद्धा आहे.

सागेचा नैतिक पेच येथे आहे. ह्राफ्नकेल क्रूर आहे म्हणून आइनार मेला असे संहिता म्हणू देत नाही. तो दोनदा द्वंद्व टाळू पाहतो: एकदा आगाऊ बजावून, एकदा खंत बोलून. नंतर आइनारच्या बापाला तो जन्मभराचे पोषण देऊ करतो, जे त्याने आजवर कोणालाही देऊ केलेले नव्हते. त्याला दया येते, परंतु दयेवर कृती करण्याची मुभा त्याने देवाशी केलेल्या करारात आधीच गमावलेली असते. माणसाच्या सदसद्विवेकाला देवाच्या नावाने घातलेला हा बांध आहे. स्वबळाची माणसे नीतिहीन असतात हा आक्षेप जुना आहे. सागेतील पहिली हत्या मात्र श्रद्धेने घडवलेली आहे.

आइनारचा बाप ती भरपाई नाकारतो. त्याला पैसा नव्हे, सरदाराबरोबर समान पातळीवर लवाद हवा असतो. त्याचा पुतण्या साम पश्चिमेकडच्या दोन भावांच्या मदतीने आल्थिंग या सर्वसभेत खटला चालवतो, ह्राफ्नकेल बहिष्कृत ठरतो. मग साम पहाटे त्याच्या घरावर चालून जातो, त्याला पकडतो, टाचांमागच्या शिरांतून दोर ओवून त्याला तुळईला टांगतो, आणि मरण किंवा मालमत्तेचा त्याग असा पर्याय देतो. ह्राफ्नकेल जगणे निवडतो. ते दोघे भाऊ फ्रेयफाक्सीला कड्याशी नेतात. हा घोडा इतर घोड्यांहून काही श्रेष्ठ नाही आणि त्याच्यापायी अनर्थ झाले आहेत, तर ज्याचा तो आहे त्यानेच त्याला घ्यावे, असे म्हणून त्याच्या डोक्यावर पिशवी बांधून त्याला कड्यावरून ढकलून देतात. मग मंदिर जाळतात.

ही बातमी ह्राफ्नकेलला कळते तेव्हा देवांवर विश्वास ठेवणे हा पोकळपणा आहे, असे तो म्हणतो, आणि पुढे कधीही बळी देत नाही. सागा हे दोन वाक्यांत उरकते. आक्रोश नाही, आत्मचिंतन नाही. या मौनाचा अर्थ लावण्यावरच पुढील समीक्षेचे बरेच काही अवलंबून राहिले. सिगुर्दुर नोर्दाल याने १९४० च्या ‘ह्राफ्नकात्ला’ या प्रबंधात सागा हा इतिहास नसून एका लेखकाची कल्पित कलाकृती आहे असे दाखवले. त्या दोन भावांना इतिहासात आधार नाही, हा त्याच्या पुराव्याचा एक भाग होता. पुढे १९६६ मध्ये हेर्मान पाल्सोन याने तिच्यात मध्ययुगीन ख्रिस्ती नीतिविचार पाहिला: गर्व, पतन, नम्रता.

पाल्सोनचे वाचन मोहक आहे, कारण पतनानंतर ह्राफ्नकेल खरोखरच बदलतो. तो पूर्वेकडच्या फ्ल्योत्सदालमध्ये उधारीवर एक पडीक जागा घेतो, झाडे तोडतो, घर बांधतो. पहिल्या हिवाळ्यात वासरे-करडे जवळजवळ सगळी जगतात, तळ्यात मासे मिळतात. काही वर्षांत तो पुन्हा सरदार होतो, आणि आता तो पूर्वीपेक्षा सौम्य, लोकप्रिय आहे. देव सोडला आणि माणूस सुधारला, असे सागा म्हणते काय? नेमके तसे ती म्हणत नाही. देवत्यागाचे वाक्य एका ठिकाणी आहे, सौम्यपणाचे दुसऱ्या ठिकाणी; ‘म्हणून’ हा शब्द वाचकच आणून घालतो. नास्तिक वाचक तो एका अर्थाने घालतो, ख्रिस्ती वाचक दुसऱ्या अर्थाने. टांगून घेतलेल्या माणसाला सावधपणा शिकायला देवाच्या असण्यानसण्याची गरज पडत नाही, ही तिसरी शक्यता दोघेही दुर्लक्षितात.

आणि कथा येथे संपत नाही. सहा वर्षांनी सामचा भाऊ एइविंद परदेशातून परततो. तो गुणी आहे, या वैराशी त्याचा काही संबंध नाही. तो ह्राफ्नकेलच्या गावावरून जाताना दिसतो, धुणे धुणारी एक बाई धन्याच्या पौरुषाला डिवचते, आणि सौम्य झालेला ह्राफ्नकेल त्याचा पाठलाग करून त्याला मारतो. मग सामला गाठतो, तोच पर्याय देतो, आदालबोल परत घेतो आणि अंथरुणावर मरतो. साम मदतीसाठी पुन्हा त्या भावांकडे जातो तेव्हा ते नकार देतात: तुला सांगितले होते, त्याला तेव्हाच मारायला हवे होते.

म्हणजे हिशेब असा: श्रद्धेच्या काळात ह्राफ्नकेलने एका निरपराधाला शपथेखातर मारले, श्रद्धा सोडल्यावर दुसऱ्या निरपराधाला डावपेचाखातर मारले. पहिल्या हत्येनंतर त्याला खंत वाटली. दुसऱ्या हत्येनंतर खंतेचा एकही शब्द नाही. या अबोल तुलनेत सागेची ताकद आहे, आणि पाल्सोनच्या नीतिकथेला ती पचत नाही; देवत्यागात विवेकाची पहाट पाहणाऱ्या वाचनालाही पचत नाही. देवाने माणसाला चांगले केले नाही, देवहीनतेनेही केले नाही. बदलले ते त्याच्या कृतीचे मोजमाप. पूर्वी तो शब्दाला बांधलेला होता, आता परिणामाला बांधलेला आहे.

येथे ‘स्व’ या शब्दाचाही विचार केला पाहिजे. स्वावलंबनाचा आधुनिक पुरस्कर्ता म्हणून इमर्सनचे नाव घेतले जाते. त्याचा त्या नावाचा निबंध १८४१ चा. परंतु इमर्सनचा ‘स्व’ शेवटी विश्वात्म्यात रुजलेला आहे. स्वतःवर विसंबणे हे त्याच्या लेखी ईश्वरावर विसंबण्याचेच एक रूप. सागांतील ‘स्व’ खाली रुजलेला आहे, कुळात. ‘माट ओक मेगिन’, बळ आणि सामर्थ्य, या जोडशब्दाच्या शेजारी ‘हामिंग्या’ आणि ‘गाएफा’ हे शब्द येतात: माणसाचे भाग्य, जे कुळातून उतरते, नातवाला आजोबाच्या नावाबरोबर मिळते. स्वबळावर विसंबणारा एकटा नसतो. त्याच्यामागे मेलेली माणसे असतात, शेजारी सोयरे असतात, आणि वर्षातून एकदा भरणारी सभा असते. ह्राफ्नकेलला उधारी देणारा कोणीतरी होता, हे त्याच्या स्वावलंबनाच्या कथेत सहज नजरेआड होते.

आल्थिंगने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो प्रसंगही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. आरी थोरगिल्ससोन याने बाराव्या शतकात दिलेल्या वृत्तान्तानुसार दोन्ही पक्ष फुटण्याच्या बेतात असताना निर्णय थोर्गेइर या पेगन विधिवक्त्यावर सोपवला गेला. तो अंगावर पांघरूण घेऊन एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला. उठल्यावर त्याने दिलेले कारण देवाचे नव्हते, कायद्याचे होते: कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल. सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मूल टाकणे, घोड्याचे मांस खाणे आणि गुपचूप बळी देणे यांना काही काळ सूट राहील. सत्य कोणाच्या बाजूला आहे हा प्रश्न त्याने घेतलाच नाही. हाच निर्णय एखाद्या उद्घोषित अविश्वासूने घेतला असता तर त्याला राजकारण म्हटले गेले असते. थोर्गेइरच्या दृष्टीने मात्र सभेला एकसंध ठेवणे हेच पवित्र कर्म असावे.

आइसलँडमध्ये १९७२ मध्ये स्वेइनब्यर्न बेइन्तेइन्सोन या शेतकरी-कवीच्या पुढाकाराने आसात्रू मंडळ स्थापन झाले, १९७३ मध्ये त्याला शासनाची मान्यता मिळाली, आणि आज त्याचे पाच हजारांहून अधिक सदस्य आहेत. ‘आसात्रू’ या नावातही तेच ‘त्रू’ आहे. या मंडळाला संहितानिष्ठ श्रद्धावचन नाही. देव प्रत्यक्ष आहेत की काव्यरूपके आहेत याविषयी सदस्यांत एकवाक्यता असावी असा आग्रहही नाही. नवपेगन लेखनात इतरत्र ‘आम्ही गुडघे टेकत नाही’ असा जो अभिमान वारंवार दिसतो, तो मात्र जुन्या रीतीपेक्षा एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिवादाचे अपत्य आहे. हाल् देवहीनाला गुडघे टेकण्या-न टेकण्याचा प्रश्नच नव्हता; नाकारायला समोर तसा देव लागतो, आणि तसा देव ख्रिस्ती धर्मानेच आणला.

स्वबळाची सर्वांत कठीण परीक्षा हत्येत वा सभेत होत नाही. जेथे शत्रूच नाही तेथे होते. दहाव्या शतकातील कवी-योद्धा एगिल स्काल्लाग्रिमसोन हा देव मानणारा होता, ओदिनचा माणूस होता, आणि आपल्या बळावर विसंबण्यात कोणाहून कमी नव्हता. त्याने राजांशी वैर धरले, द्वंद्वे जिंकली, येणे वसूल केले. त्याचा एक मुलगा तापाने गेला. मग दुसरा, ब्यॉडवार, लाकडे आणताना बोर्गरफ्योर्डमध्ये वादळात बुडाला. एगिलने प्रेत मांडीवर घेऊन घोडा बापाच्या समाधीच्या टेकाडाकडे नेला, टेकाड उघडले, मुलाला आजोबाशेजारी ठेवले आणि घरी येऊन झोपण्याच्या खणात स्वतःला कोंडून घेतले. अन्न नाही, पाणी नाही. मुलगी थोरगेर्ड आली. आपणही त्याच्याबरोबर मरायला आलो आहोत, असे सांगून ती आत गेली. ती समुद्रातले खारट शेवाळ चघळत राहिली, म्हणजे लवकर मरण येते असे म्हणाली, त्यालाही दिले. तहान लागली तेव्हा पाणी मागवले आणि शिंगातून आले ते दूध होते. फसलो, असे कळल्यावर ती म्हणाली, की मग तू मुलावर काव्य रच, मी ते काठीवर कोरून ठेवते. मरायचे असेल तर नंतर मरू.

‘सोनातोरेक’ या काव्याचा आशय एका तक्रारीत सांगता येतो. मुलाला नेणारा समुद्र आहे. समुद्रावर सूड घेता येत नाही, खटला चालवता येत नाही, त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही. एगिल म्हातारा आहे, त्याच्यामागे माणसे नाहीत, आणि लोकांना ते दिसते आहे. स्वबळाची मर्यादा इतक्या उघडपणे कबूल करणारी दुसरी कविता त्या वाङ्मयात नाही. त्यानंतर तो ओदिनकडे वळतो, परंतु शरण जात नाही. मैत्री होती, ती देवाने मोडली, म्हणून आपण आता स्वखुशीने त्याला बळी देत नाही, असे तो सांगतो. आणि मग हिशेबाची दुसरी बाजू मांडतो: याच देवाने आपल्याला दोष नसलेली कला दिली, आणि फसव्या माणसांना उघड शत्रू बनवणारा स्वभावही दिला. ती भरपाई आहे.

मराठी वाचकाला येथे नामदेव, जनाबाई, तुकाराम आठवणे अपरिहार्य आहे. देवाशी भांडण, देवाला दूषण, हे आपल्या कवितेत भरपूर आहे. परंतु संतांचे भांडण हा जवळिकीचा उत्कर्ष असतो. भांडणाच्या तळाशी ‘तूच’ असते. एगिलच्या भांडणाच्या तळाशी तराजू आहे. तो देवाला क्षमा करत नाही, देवाकडे क्षमा मागत नाही; किती गेले आणि किती मिळाले हे पाहतो, आणि मिळालेले गेलेल्याच्या तोडीचे नसूनही खाते बंद करायचे ठरवतो. ‘स्वबळ’ आणि ‘श्रद्धा’ या दोन्ही नावांनी या कृतीचा निम्मा भागच सांगितला जातो. काव्य ही ओदिनची देणगी आहे, म्हणजे बळ देवाचे आहे. पण ती देणगी भरपाई म्हणून पुरेशी आहे की नाही हे ठरवणारा एगिल आहे. आणि तो निर्णय त्याने एकट्याने घेतलेला नाही: मुलीने फसवून पाजलेल्या दुधावाचून तो घेण्यासाठी तो जिवंत नसता.

सागा पुढे सांगते, की काव्य जसजसे जुळत गेले तसतशी त्याला उभारी आली. ते पूर्ण झाल्यावर त्याने ते बायकोला, मुलीला आणि घरच्या माणसांना म्हणून दाखवले, खणातून उठला आणि आपल्या उच्चासनावर जाऊन बसला. नंतर त्याने जुन्या रीतीप्रमाणे मुलांचे दिवसाचे जेवण घातले, आणि थोरगेर्ड आपल्या घरी निघाली तेव्हा तिला भेटी देऊन वाटेला लावले.